केझायाने मागितलेली शांतता

आमच्या चर्चमध्ये माणूस गप्प बसला, की लोक त्याला तब्येत विचारतात. उपदेश चालू असताना आम्ही मधेमधे बोलतो. "सांगा, रेव्हरंड, सांगा!" असं ओरडतो, हातातले पंखे बाकावर आपटतो, आणि पास्टरचं वाक्य संपायच्या आत मी पियानोवर दोन सूर टाकून मोकळी होते. माझं उभं आयुष्य त्या पियानोपाशी गेलं. मला हे चर्च असंच आवडतं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, ही म्हातारी आपल्याच लोकांची उणीदुणी काढायला बसलीय. काढणार आहेच, पण घरच्या माणसाची काढावीत तशी.

ईस्टरला आमच्याकडे प्रत्येक पोराला चार ओळी पाठ करून सगळ्यांसमोर म्हणाव्या लागतात. एवढंसं पोर नवे बूट करकरत पुढे येतं, गर्दी बघतं आणि त्याची दातखीळच बसते. मग सगळं चर्च एका सुरात त्याला हात देतं. "असू दे, बाळा! सावकाश! देव आहे ना!" पोर रडलं तर टाळ्या, आईकडे पळालं तर त्याहून मोठ्या टाळ्या. आमच्यातला प्रत्येक जण लहानपणी त्या जागी थरथरत उभा राहिलाय. या पिट्सबर्गमध्ये बाहेर आमची काळी पोरं चुकली तर त्यांना कोणी "सावकाश" म्हणत नाही, म्हणून आत आम्ही पोटभर म्हणून घेतो.

आणि नेमकी याच सवयीची रेव्हरंड लुविनिया गॅस्किन्सना चीड होती.

"व्हर्नेल," त्या मला म्हणायच्या, "पोरांनी जीव तोडून केलं काय आणि पाट्या टाकल्या काय, टाळी तीच. मग त्यांनी शिकायचं कशासाठी?"

"टाळी शिकण्याची नसते हो. प्रेमाची असते."

"प्रेम घरी करा. इथे नीट बघा तरी ती काय करतायत ते!"

त्या आमच्याकडे तरुणपणी सहायक पास्टर म्हणून आल्या. आवाज असा, की पुढच्या रस्त्यावर बसची वाट बघणाऱ्याचाही उद्धार व्हावा. पुढेमागे मुख्य पास्टर याच होणार, यात कुणाला शंका नव्हती. मग आमच्या भागातल्या शाळांनी चित्रकलेचे आणि संगीताचे शिक्षक काढून टाकले. रेव्हरंडनी चर्चचं तळघर झाडून घेतलं, रंग आणले, मला खाली ओढलं आणि शनिवारचे वर्ग सुरू केले. वर्गांची शाळा झाली, शाळेची संस्था झाली, आणि संस्थेला पूर्ण वेळ देणारं माणूस हवं म्हणून त्यांनी व्यासपीठ सोडलं. मुख्य पास्टर दुसराच झाला. त्याचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही.

पण संस्था चालवणं म्हणजे पोरांना शिकवणं नव्हे, हे त्यांना उशिरा कळलं. दिवसभर बैठका, विनवण्या, गळणारा नळ, बंद पडलेला बॉयलर. "देवाच्या कामाला आले आणि बॉयलरच्या कामाला लागले," असं त्या म्हणायच्या. देणगीदार यायचे आणि पोरांना एका रांगेत उभं करून आभाराचं गाणं म्हणायला लावायचे. एकदा एकाने विचारलं, "या कलेमुळे ज्याचं आयुष्य बदललं असं कोणी सांगाल का?" रेव्हरंड त्याच्यासमोर गोड हसल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "आहे ना. मी. आले तेव्हा केस काळे होते." असं हसून बोलायच्या, पण आतल्या आत धुमसायच्या. वर्षानुवर्षं त्यांनी एकाही वर्गात पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी नाटकाचे शिक्षक मधेच नोकरी सोडून गेले. दुसरं कोणी मिळेना, म्हणून रेव्हरंडनी तो वर्ग स्वतःकडे घेतला, आणि तिथे त्यांना केझाया भेटली.

केझाया अकरा वर्षांची. चष्मा, काड्यांसारखे पाय, आणि वाद घालायला कायम तयार. तिचे आजोबा म्हणजे लेम्युएल स्टॅन्सिल, चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या डीकनांपैकी एक. पूर्वी रविवारी सकाळी प्रार्थना तेच सुरू करायचे. जुन्या गीताची एक ओळ लांबवून म्हणायचे आणि अख्खं चर्च ती त्यांच्यामागून उचलायचं. आता त्यांना विसरायला होत होतं. गाणी सगळी आठवायची, आपलं बाक आठवायचं. माणसं तेवढी निसटली होती. केझायाही.

तिने वर्गात आपली गोष्ट स्वतः रचली. दोन खुर्च्या. एकीवर ती, दुसरी रिकामी. आजोबांशी बोलायचं. मासे पकडायला नेलं होतं, गळाला गाठ कशी मारायची ते शिकवलं होतं, घरी येताना दोघं रस्ता चुकले होते आणि आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि शेवटी विचारायचं, "आजोबा, मी कोण?" मग गप्प बसायचं.

"किती वेळ?" रेव्हरंडनी विचारलं.

"लागेल तेवढा."

"पण लोकांना कसं कळणार, संपलं ते?"

"मी उठेन ना तेव्हा कळेल."

रेव्हरंड दोन-दोन पायऱ्या चढत माझ्याकडे आल्या. "व्हर्नेल, मी न शिकवलेलं काहीतरी आज एका मुलीने मला दाखवलं. याच्यासाठी तर मी हे सगळं सुरू केलं होतं ग." इतक्या खुशीत मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण केझायाच्या मनात नुसती गोष्ट नव्हती. कार्यक्रमाला आजोबा समोर बसणार होते, आणि तो प्रश्न ती रिकाम्या खुर्चीला विचारणार नव्हती. त्यांनाच विचारणार होती.

"घरी विचारलं की लगेच आई सांगते," ती रेव्हरंडना म्हणाली. "'बाबा, केझाया हो ती, केझाया!' मग ते म्हणतात, 'हो हो, केझाया.' ते काय खरं नाही. त्यांना शोधायला वेळच देत नाही कोणी. आई नसली तर मावशी सांगते. मावशी नसली तर शेजारी. सगळ्यांना घाई."

"आणि वेळ दिला तर त्यांना आठवेल असं वाटतं तुला?"

"माहीत नाही. पण एकदा तरी बघू दे ना! कोणी मधे बोलणार नाही असा शब्द द्या मला."

रेव्हरंडनी शब्द दिला.

त्यांना कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात हवा होता. तिथे लोक आपोआप आवाज खाली आणतात. पण डीकन स्टॅन्सिल चर्चच्या बाहेर कुठेही दोन मिनिटं स्वस्थ बसत नसत, उठून दार शोधायला लागत. म्हणजे कार्यक्रम चर्चमध्येच होणार. आणि चर्च गप्प करायचं म्हणजे रेव्हरंडच्या नाकी नऊ येणार, हे मला तेव्हाच दिसलं.

पहिली गाठ मदर हॉर्टेन्स बन यांच्याशी पडली. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना आम्ही मदर म्हणतो, आणि त्यांच्यात या सर्वांत थोरल्या. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, पहिलं बाक. त्यांच्यापुढे पास्टरसुद्धा खाली मान घालतो.

"म्हणजे माझ्याच चर्चमध्ये 'आमेन' म्हणायला आता मला तुझी परवानगी लागणार होय ग, लुविनिया?"

"एका मुलीच्या वेळी, मदर. फक्त एका."

"आणि ती पोर अडकली तर?"

"अडकणार नाही. ती थांबणार आहे."

"इथून मला दोन्ही सारखंच दिसणार ना!"

"म्हणूनच गप्प बसायचं."

"पोरीने एकटीने उभं राहून घाम गाळायचा, आणि आम्ही आपले पंखे हलवत मजा बघायची? हे कसलं बाई तुझं शिक्षण!"

खरं सांगते, मला मदरचंच पटत होतं. पण रेव्हरंडनी त्यांचे हात धरले, सगळी गोष्ट समजावून सांगितली, आजोबांचं सांगितलं. मदरनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं. पेपरमिंटची गोळी तोंडात धरून बसते. ती असली की मला बोलता येत नाही."

मग डीकन मंडळींची समजूत झाली, मग क्वायरमधल्या गाणाऱ्यांची. सगळ्यांना आधी राग, मग डोळ्यांत पाणी, मग वचन. आठवडाभर त्या हेच करत फिरत होत्या. शेवटी माझ्याकडे वळल्या.

"आणि तू. हात मांडीवर."

"मी काय केलं?"

"काही करू नकोस म्हणून सांगतेय. कोणी थांबलं की तुझी बोटं आधी धावतात."

मला असा राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

शनिवारी दुपारी चर्च भरलं. त्यातच संस्थेच्या अध्यक्षांनी नेमका तोच दिवस धरून एका मोठ्या देणगीदार मंडळाच्या बाईंना बोलावून ठेवलं होतं. रेव्हरंडनी दातओठ खाल्ले, मग हसून त्या बाईंना पुढच्या बाकावर आपल्याशेजारी बसवलं. पोरांनी ढोल वाजवले, चित्रं दाखवली, एका मुलाच्या हातातून बासरी पडली आणि त्यालाच सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. मग रेव्हरंड पुढे आल्या.

"आता केझाया येईल. ती उठून उभी राहीपर्यंत एकाच्याही तोंडून शब्द यायचा नाही. कळलं?"

"हो, रेव्हरंड! आमेन!" सगळं चर्च गरजलं. आम्ही गप्प बसण्याचं वचनसुद्धा ओरडूनच देतो.

केझाया आली. खुर्चीवर बसली. मासे, गाठ, चुकलेला रस्ता, सगळं तिने इतकं साधं सांगितलं, की लोक हसले, आणि हसताना सुद्धा तोंडावर हात धरून हसले. मग ती वळली. रिकाम्या खुर्चीकडे नव्हे, चौथ्या बाकाकडे. तिथे तिची आई रोशेल आणि रोशेलच्या बाजूला डीकन स्टॅन्सिल बसले होते.

"आजोबा, मी कोण?"

आणि आम्ही गप्प बसलो. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पंखे थांबले. मदर बनचा एक गाल गोळीने फुगला होता. रोशेलने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

पियानो एका बाजूला असतो, त्यामुळे मला डीकनचा चेहरा समोर दिसत होता. ते आधी छताकडे बघत होते. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते पुढे वाकले, समोरच्या बाकाची कड धरली, आणि गीत सुरू करण्याआधी ते जसे ओठ मिटून घ्यायचे तसे मिटले. ती खूण मी शेकडो रविवार पाहिलीय. त्यानंतर आवाज येतोच.

पण केझायाला तेवढा वेळ फार होता. पोरच ती. तिची हनुवटी थरथरायला लागली, डोळे भरले, तरी ती हलली नाही, चष्मासुद्धा पुसला नाही. आणि रेव्हरंड बसल्या होत्या पुढच्या बाकावर. डीकन त्यांच्या पाठीमागे. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की सगळ्या जगासमोर एक लहान मुलगी एकटी बसलीय आणि आता रडणार आहे.

"सावकाश, बाळा," रेव्हरंड म्हणाल्या.

हळूच म्हणाल्या. पण त्यांचा आवाज कधी हळू नव्हताच. मदरनी गोळी गिळून टाकली. "असू दे, बाळा!" मग काय, धरण फुटलं. "सावकाश! देव आहे ना! असू दे!" लोक उभे राहिले, टाळ्या, पंखे, क्वायरमधल्या कुणीतरी गाणंच सुरू केलं. माझे हात मांडीवर होते. ज्या बाईवर भरवसा नव्हता तिचेच हात जागेवर राहिले, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही, कारण मी डीकनकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. इतकी सगळी माणसं टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, काय करायचं ते त्यांना एकदम आठवलं. ते ताठ उभे राहिले आणि त्या जुन्या खणखणीत आवाजात आपल्या नातीला म्हणाले, "असू दे, बाळा! सावकाश!"

ईस्टरला कुणाच्याही पोराला म्हणायचे, अगदी तसंच.

केझाया उठली. "मी विसरले नव्हते," ती म्हणाली. पण त्या गोंधळात ते माझ्याशिवाय फार तर पुढच्या बाकाला ऐकू गेलं असेल.

नंतर दारापाशी त्या पाहुण्या बाई डोळे टिपत रेव्हरंडना म्हणाल्या, "काय सुंदर! ती घाबरली आणि सगळ्या लोकांनी तिला सावरलं! आमच्या वार्षिक समारंभात हेच हवंय मला. अगदी असंच, या सगळ्यांसकट."

"ती घाबरली नव्हती. आम्ही तिचं काम मोडलं."

"असेल, पण ते मोडणं किती हृदयस्पर्शी होतं!"

अध्यक्ष पाठीमागून रेव्हरंडना डोळ्यांनी विनवत होते. बाईंचं मन मोडू नका म्हणून. रेव्हरंडचा चेहरा असा झाला, की मी त्यांचा कोपर धरला.

"चूक माझी होती," त्या म्हणाल्या, "आणि ती दाखवायला ठेवलेली नाही." आणि तळघराकडे चालू लागल्या.

जिन्यात त्या थांबल्या. "व्हर्नेल. तू बघत होतीस त्यांच्याकडे. ते बोलणार होते का ग?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण इतक्या वर्षांत त्यांना खोटं सांगितलेलं कधी पचलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "तोंड उघडलं होतं त्यांनी."

त्या पायरीवरच बसल्या. मला वाटलं रडतील, पण त्या चिडल्या होत्या. स्वतःच्या मांडीवर मुठी आपटत होत्या. "वीस वर्षं मी या लोकांना शिकवतेय! लोकांना! आणि तोंड कुणाचं उघडलं? माझं!"

खाली जेवणं चालू होती. तळलेलं चिकन, मका, पीचचा केक, आणि केझायाची तारीफ करणारे पन्नास जण. ज्याने त्याने पाठीवर हात फिरवून तिला सांगावं, छान झालं हो बाळा, पुढच्या वेळी आठवेल. ती काही बोलत नव्हती. खुर्चीवर बसलेल्या आजोबांच्या अंगात कोट चढवत होती. रोशेल गाडी आणायला गेली होती.

रेव्हरंड तिच्यापुढे खाली गुडघ्यांवर बसल्या. एवढी मोठी बाई, चांगले कपडे, सगळ्यांच्या देखत.

"केझाया, माझं चुकलं. तुला रडू येत होतं. मला बघवेना."

"रडू मला येत होतं," केझाया म्हणाली. "तुम्हाला काय झालं होतं?"

रेव्हरंड आजोबांच्या कोटाची बाही धरायला गेल्या, पण ती केझायाने स्वतःच ओढून घेतली.

"त्यांना आठवत होतं," ती म्हणाली. "मी बघत होते ना. अगदी येत होतं."

"पुढच्या शनिवारी परत करू. कोणी नको. तू, ते, आणि दारं बंद. मी स्वतः बाहेर पहारा देते."

"परत केलं की ते नाटक होईल."

"मग मी काय करू, सांग. तुझ्या घरी येऊ? आईला समजावू? डॉक्टरांशी बोलू? काहीतरी करू दे ग मला!"

केझायाने आजोबांची शेवटची गुंडी लावली. ते तिच्याकडे बघून हसले. एखाद्या अनोळखी, चांगल्या वळणाच्या मुलीकडे बघून हसावं तसे. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं.

"काही करू नका, रेव्हरंड," ती म्हणाली. "तेवढंच तर मागितलं होतं."